कर्ता कोण आणि मालक कोण?

जयंतीच्या आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सभांतून आपल्या वस्त्यावस्त्यांत गीते गायिली जातात. गायकाचे नाव पुकारले जाते, वर्गणीदारांची नावेही वाचली जातात. परंतु ज्याने ते गीत रचले त्याचे नाव किती ठिकाणी घेतले जाते? ज्या समाजाला शतकानुशतके आपल्या श्रमावर आपले नाव लावू दिले गेले नाही, त्याच समाजाने आपल्या कवीला निनावी करावे, ही गोष्ट आपणा सर्वांस विचार करावयास लावणारी आहे.

आपल्या शाहिरांना या धोक्याची जाणीव होती. म्हणून गीताच्या अखेरच्या कडव्यात स्वतःचे नाव गुंफण्याची रीत त्यांनी राखली. सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे १९२२ साली जन्मलेले लोककवी वामनदादा कर्डक प्रौढ वयात अक्षरे शिकले. पुढे त्यांच्या गीतांतूनच 'वामन' हे नाव गावोगाव पोहोचले. कागद हरवला तरी कर्ता हरवू नये, यासाठी केलेली ही नोंदच होय. गाणारा शेवटचे कडवे गाळतो, तेव्हा ती नोंदही पुसली जाते.

कायदा काय म्हणतो? १९५७ चा कॉपीराइट कायदा शब्दांचा कर्ता कवीला आणि चालीचा कर्ता संगीतकाराला मानतो. ध्वनिमुद्रणाचा कर्ता मात्र त्याचा निर्माता. एकाच ध्वनिमुद्रणात असे तीन कर्ते नांदतात. तेव्हा 'ज्याची ध्वनिफीत, त्याचे गीत' हा समज निराधार आहे.

शिवाय कर्तेपण आणि मालकी या दोन भिन्न गोष्टी आहेत. मालकी दुसऱ्यास देता येते; परंतु त्यासाठी सहीनिशी लेखी करार लागतो, आणि करारात मुदत नसेल तर ती पाच वर्षांचीच धरली जाते. कर्तेपणाचे तसे नाही. सर्व हक्क विकल्यानंतरही 'ही रचना माझी' असे सांगण्याचा आणि आपल्या लौकिकास बाध आणणारी तिची मोडतोड रोखण्याचा अधिकार कलम ५७ ने कर्त्याकडेच ठेवला आहे.

हा अधिकार केवळ कागदावरचा नव्हे. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे भित्तिशिल्प दिल्लीच्या विज्ञान भवनात होते आणि त्याची मालकी सरकारची होती. १९७९ साली ते भिंतीवरून उतरविण्यात आले व त्याची हानी झाली. सहगल न्यायालयात गेले. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष त्यांना परत करण्याचा आणि ५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. मालक प्रत्यक्ष सरकार असले, तरी कर्ता संपत नाही, हे त्यातून सिद्ध झाले.

२०१२ च्या दुरुस्तीने आणखी दोन गोष्टी झाल्या. ध्वनिमुद्रणासाठी गीत दिले तरी मानधनातील कवीचा समान वाटा करारानेही सोडविता येत नाही. आणि मृत कवीच्या कर्तेपणाचा दावा आता वारसांनाही करता येतो. कॉपीराइट कवीच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो. वामनदादांचे निधन २००४ साली झाले. त्यांच्या गीतांवरील हक्क २०६४ अखेरपर्यंत आहे.

कोणी म्हणेल, गीत समाजाचे. त्यावर एकट्याचे नाव कशाला? आमचे उत्तर असे की, गीत सर्वांनी गावे, पण ते कोणी रचले हे सत्य लपवू नये. गाणे वाटून घेता येते. कर्त्याचे नाव पुसून समाजाच्या पदरात काहीच पडत नाही.

अनेक घरांत वडिलांच्या, आजोबांच्या गीतांच्या वह्या पेटीत पडून आहेत. त्या जपा, प्रत्येक गीताखाली कवीचे नाव आणि माहीत असेल ती तारीख लिहा. कॉपीराइटसाठी नोंदणी सक्तीची नाही. परंतु पुरावा लागतोच. कोऱ्या कागदावर सही करू नका. आणि सभेत गीताआधी कवीचे नाव घ्या. त्यास पैसा लागत नाही, वकीलही लागत नाही. लागते ती केवळ न्यायबुद्धी.