देखणेपण एकदाच चालतं!

आपल्या नगरचे शाहू मोडक देखणे होतेच. पडद्यावर कृष्ण म्हणून लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. पण १९३९ चा व्ही. शांताराम यांचा ‘माणूस’ बघा. त्यात ते साधे पोलीस शिपाई, गणपत. वेश्या असलेल्या मैनेशी हा गणपत माणुसकीने वागतो, आणि तिथेच तो आपल्याला आवडायला लागतो.

माझं मत स्पष्ट आहे: चेहऱ्यामुळे लोक एकदा बघतात, वागण्यामुळे पुन्हा बघतात. धंद्यातही तेच. कर्ज काढून फर्निचर, लायटिंग करण्याआधी स्वतःला विचारा, दहा रुपयांचं गिऱ्हाईक आलं तर मोबाईल बाजूला ठेवून बोलतो का मी? दुकान सावेडीत टाका नाहीतर कापड बाजारात, गिऱ्हाईक परत येतं ते यासाठीच.