अधिक यार्ड पराभूताचे
न्यू ऑर्लिन्स : रविवारी फिलाडेल्फिया ईगल्सने कॅन्सस सिटी चीफ्सला ४०-२२ असे नमवून सुपर बाउल जिंकला. पासचे यार्ड मात्र पराभूत पॅट्रिक माहोम्सचे अधिक : २५७, विजेत्या जेलेन हर्ट्सचे २२१. मध्यंतराला माहोम्सचे ३३ यार्डच होते आणि ईगल्स २४-० ने पुढे. पिछाडीवरच्या संघाला चेंडू फेकत राहण्यावाचून गत्यंतर नसते. यार्ड वाढतात, सामना गेलेला असतो.

साखळी हंगामात सर्वांत कमी पास ईगल्सनेच फेकले. सॅक्वॉन बार्कली २,००५ यार्ड धावला, हर्ट्सचे अवघे पाच पास प्रतिस्पर्ध्यांनी टिपले. या सावधगिरीने स्वकीयही वैतागले होते. डिसेंबरमध्ये कॅरोलायनाविरुद्ध हर्ट्सचे १०८ यार्ड झाले, तेव्हा विजयानंतरही रिसीव्हर ए. जे. ब्राऊन यांनी पासवरच बोट ठेवले. अंतिम सामन्यात चीफ्सने बार्कलीला ५७ यार्डांवर रोखले खरे. पण त्यासाठी पुढे माणसे दाटली आणि हर्ट्सचा ४६ यार्डांचा पास डेव्होंटा स्मिथने गोलपट्टीत झेलला.