पोप आणि राजाने एकत्र प्रार्थना केली, मग वाद उरला कुठे?

23 ऑक्टोबर 2025 रोजी व्हॅटिकनच्या सिस्टीन चॅपलमध्ये ब्रिटनचे राजे चार्ल्स तिसरे आणि पोप लिओ चौदावे यांनी एकत्र प्रार्थना केली. आठव्या हेन्रीने 1534 मध्ये पोपची सत्ता झुगारल्यानंतर असं जाहीरपणे पहिल्यांदाच घडलं. मग भांडण मिटलं का? नाही.

दोन्ही पंथांची बायबल शेजारी ठेवून पुस्तकं मोजा. कॅथलिकांकडे 73, प्रोटेस्टंटांकडे 66. फरक जुन्या करारातल्या सात पुस्तकांचा. त्यातल्या मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात मृतांसाठी प्रार्थना केल्याचा उल्लेख आहे. कॅथलिक लोक मृतांसाठी मिस्सा अर्पण करतात, त्यामागचा हा एक आधार. मार्टिन ल्यूथरने आपल्या जर्मन बायबलमध्ये ही पुस्तकं छापली खरी, पण वेगळी काढून. ती हिब्रू धर्मग्रंथांत नव्हती. उलट 1546 मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ती पवित्र शास्त्राचाच भाग असल्याचं ठरवलं. चार्ल्स यांच्या चर्च ऑफ इंग्लंडने मधला मार्ग काढला: ही पुस्तकं जरूर वाचा, पण त्यांच्या आधारे सिद्धांत मांडू नका.

पण यादी ठरवायची कोणी? कॅथलिकांच्या मते ती चर्चने ठरवली, म्हणून अर्थ लावण्याचा अंतिम अधिकारही चर्चचाच. प्रोटेस्टंट म्हणतात, चर्चने शास्त्र फक्त ओळखलं. परिषदा चुकू शकतात. अडचण दोघांचीही आहे. पुस्तकांची यादी बायबलमध्ये कुठेच दिलेली नाही. आणि लॅटिन बायबलचे अनुवादक संत जेरोम यांनाच या सात पुस्तकांबद्दल शंका होती.

त्या दिवशी चॅपलमध्ये प्रार्थना झाली. मिस्सा झाली नाही.