जुनं घर बिनव्याजी घेताय, मग कागद कोण तपासणार?

दोन-तीन खणांचं माळवदाचं घर, मस्जिद चार पावलांवर, शेजारी पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचे. नांदूरघाटच्या जुन्या वस्तीत असं घर विकायला निघालं की बातमी आधी जमातीतच फिरते. भाव तोंडी ठरतो, इसार दिला जातो, बाकीचे पैसे हप्त्याने द्यायचं ठरतं. व्याज नाही, बँक नाही. आपल्या लोकांना हे सोयीचं वाटतं आणि ते चूकही नाही. पण बँक नसली की एक गोष्ट आपोआप गळते. कर्ज देण्याआधी बँकेचा वकील जुने दस्त काढून बघतो, मालक खरा कोण ते शोधतो. बिनव्याजी व्यवहारात हे काम कुणाचंच नसतं. म्हणून ते घेणाऱ्यानेच करायला हवं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. बहुतेक जण ग्रामपंचायतीचा नमुना ८ दाखवतात. तो कर आकारणीचा उतारा आहे. घरपट्टी कोण भरतं ते त्यावरून कळतं, मालकी सिद्ध होत नाही. गायरानावर बांधलेल्या घरालाही घरपट्टी लागू शकते. ही उणीव भरून काढायला केंद्राने २४ एप्रिल २०२० रोजी स्वामित्व योजना सुरू केली. गावठाणात चुन्याने हद्दी आखल्या, वरून ड्रोन फिरले आणि मालमत्ता पत्रकं तयार होऊ लागली. १८ जानेवारी २०२५ रोजी देशभरात ६५ लाखांहून अधिक पत्रकं एकाच दिवशी वाटल्याचं सरकारने जाहीर केलं. काम मोठं आहे. पण ड्रोनला छप्पर दिसतं, वारस दिसत नाहीत. मरहूम अब्बांचं घर थोरल्या मुलाच्या एकट्याच्या नावावर चढलं असेल, तर पत्रक नवंकोरं असूनही हिशेब अर्धाच आहे.

हिशेब कसा, ते बघू. माणूस वारला, मागे बेवा, एक मुलगा, दोन मुली. त्याचे आई-वडील आधीच गेलेले. देणी आणि वसीयत वजा जाता सुन्नी कायद्याने मिळकतीचे ३२ भाग धरा. बेवेला आठवा हिस्सा, म्हणजे ४ भाग. उरलेल्या २८ पैकी मुलाला १४, मुलींना प्रत्येकी ७. आता भाईजानने आईची सही घेऊन घर विकलं, तर घेणाऱ्याला मिळाले १८ भाग. १४ भाग अजून दोन बहिणींचेच आहेत, मग त्यांची लग्नं होऊन वीस वर्षं का झाली असेनात. आपल्याकडे कर्ता सगळ्यांच्या वतीने विकेल अशी सोयच नाही. प्रत्येक वारस आपापल्या हिश्श्याचा मालक. “आपानं तोंडी सोडून दिलंय” या वाक्यावर लाखो रुपये लावू नका. बहिणींना खरेदीखतावर सही करायला बोलवा, नाहीतर आधी नोंदणीकृत हक्कसोड पत्र करून घ्या. आणि त्यांच्या हिश्श्याचे पैसे त्यांच्याच हातात गेले का, तेही विचारा. हे विचारायला लाज वाटू नये. घेणाऱ्यांनी हा प्रश्न विचारायला सुरुवात केली, तर कितीतरी घरांत बहिणींना हिस्सा मिळेल.

२०२५ मध्ये राज्याने ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली, मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावली. चांगली मोहीम, पण ती शेतजमिनीच्या सातबाऱ्याची. गावठाणातल्या घरासाठी वारस नोंद वेगळी करून घ्यावी लागते.

हिब्याचा मुद्दा थोडा वेगळा. मुस्लिम कायद्यात तोंडी हिबा चालतो; देणाऱ्याचं जाहीर करणं, घेणाऱ्याचं स्वीकारणं आणि प्रत्यक्ष ताबा, या तिन्ही गोष्टी हव्यात. कागदावर हिबा आणि घरात मात्र दुसराच राहतोय, तर थांबा. विक्रीला मात्र तोंडी काही चालत नाही. १०० रुपयांपासून पुढच्या स्थावराला नोंदणीकृत खरेदीखतच लागतं. नोटरी केलेल्या बाँडने मालकी बदलत नाही.

जागा मस्जिद, दर्गा किंवा कब्रस्तानाला लागून असेल तर आणखी एक पाऊल. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे इनामाचे जुने कागद, मुंतखब, उर्दूत सापडतात. वक्फची मिळकत विकता येत नाही, २०१३ च्या दुरुस्तीने तशी विक्री सरळ रद्दबातल ठरवली आहे. २०२५ च्या वक्फ दुरुस्ती कायद्यानंतर मिळकती ‘उम्मीद’ पोर्टलवर चढवणं सुरू झालं. म्हणजे आजवर कुणी विचारलं नव्हतं, म्हणून उद्याही विचारणार नाही असं समजू नका.

आता भिंतीकडे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात माणसं मेली ती बरीचशी दगड-मातीच्या भिंती आणि जड माळवदाखाली. गळती थांबवायला वर्षानुवर्षं वर माती टाकली जाते आणि वजन वाढत जातं. भिंतीला पोट सुटलंय का, कोपऱ्याचे दगड सांध्यातून सुटलेत का, तुळईच्या टोकाला वाळवी आहे का, पायथ्याला लोणा लागलाय का, हे भर पावसाळ्यात बघावं. सागवान शाबूत असेल तर त्याची किंमत वेगळी धरावी, बाकी बांधकामाची फारशी धरू नये. पैसे जागेचे द्यायचे. सामाईक भिंत कुणाची, परनाळ कुणाच्या अंगणात पडते, रस्ता वहिवाटीचा की मेहरबानीचा, हे चतुःसीमेसोबत लिहून घ्यावं.

काही कुटुंबं गावचं घर विकून मुलांच्या शिक्षणासाठी बीडच्या जुन्या मोहल्ल्यात लहान घर बघतात. तिथे नगर भूमापनाचं पत्रक मिळतं, ही सोय. १७ सप्टेंबर २०२५ पासून बीडला रेल्वे आली, त्यामुळे दलालांची भाषा बदलली आहे. त्यांच्या भाषेपेक्षा बिंदुसरा नदीचं अंतर मोजा. १९८९ चा पूर पाहिलेले बुजुर्ग पाणी कुठपर्यंत चढलं होतं ते अजून बोट दाखवून सांगतात. निळ्या पूररेषेत घर असेल तर पुढे बांधकामाची परवानगी अडते.

दुय्यम निबंधकाकडचा तीस वर्षांचा शोध वकिलाकडून काढून घ्यायला घराच्या किमतीच्या मानाने थोडेच पैसे लागतात. निवासी घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. कुणाच्या नावावर घ्यायचं हे घरात दस्ताआधीच ठरवावं, आणि हप्त्यांच्या तारखा त्याच दस्तात लिहाव्यात.