गाडी काय म्हणते?

मी जिथे गाडी दाखवतो त्या गॅरेजच्या मिस्त्रींची एक लकब आहे. कोणी रोजची शंभर सीसी घेऊन आलं की ते मान वर न करता विचारतात, “काय झालं?” आणि कोणी जुनी बुलेट, येझदी किंवा आरएक्स दारात उभी केली की हातातला पाना खाली ठेवतात, फडक्याला हात पुसतात आणि विचारतात, “काय म्हणते गाडी?” कितीतरी वर्षं मी हे ऐकतोय. एकदा न राहवून कारण विचारलं. म्हणाले, “साहेब, त्या गाडीला काहीतरी झाल्याशिवाय माणूस येतच नाही. ही रोज बोलत असते. मग काय म्हणाली ते विचारायला नको?”

या सदरासाठी वाचकांची जी पत्रं येतात, त्यांत ॲव्हरेज आणि किंमत यांच्या खालोखाल एकच तक्रार असते: “गाडी चांगली आहे हो, काही त्रास नाही, पण मजा येत नाही. असं का?” मिस्त्रींच्या त्या दोन प्रश्नांत मला याचं उत्तर दिसतं.

आधी मजा नसलेल्या गाडीबद्दल, कारण महाराष्ट्र तिच्यावर चालतो. 1985 साली हिरो होंडाची सीडी 100 आली. 97.2 सीसीचं चार स्ट्रोकचं इटुकलं इंजिन. जाहिरात इंग्रजीत होती, तरी गावोगाव पाठ झाली: ‘फिल इट, शट इट, फर्गेट इट’. टाकी भरा, झाकण लावा, विसरून जा. त्याआधीच्या दुचाकीवाल्याला काहीच विसरता येत नसे. पेट्रोलमध्ये ऑइल किती टाकलं, प्लग कधी साफ केला, पॉइंटला पॉलिश पेपर कधी मारला, सगळं ध्यानात ठेवावं लागे. डिकीत एक जादा प्लग आणि प्लगपाना असल्याशिवाय शहाणा माणूस तालुका ओलांडत नसे. ते सगळं ओझं या गाडीने डोक्यावरून उतरवलं. 1994 मध्ये स्प्लेंडर आली आणि मग विचारायलाच नको. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या, मागे वैरणीचा भारा, पुढे टाकीवर शाळेत जाणारं पोर. विमा एजंट, झेडपीचे गुरुजी, बांधकामावरचा सेंट्रिंगवाला, कित्येकांचे संसार या गाडीने उभे केले. तिला कोणी कमी लेखलं तर मला राग येतो.

पण जाहिरातीतला शेवटचा शब्द नीट ऐका. विसरून जा. गाडी घरी लावली की विसरायची हे ठीक. ही गाडी चालवतानाही विसरली जाते. आपण दवाखान्याच्या बिलाचा, मुलीच्या ॲडमिशनचा विचार करत असतो आणि गाडी आपोआप फाट्यावर वळलेली असते. व्यवहारी गाडीचा हा सगळ्यात मोठा गुण, आणि मजा न येण्याचं कारणही हेच. स्वभावाची गाडी खाली असल्याचं विसरू देत नाही. तुम्ही काही केलंत की ती उत्तर देते, आणि ते उत्तर हाताला, पायाला, कानाला कळतं.

इथे एक गल्लत नेहमी होते. फरशीवर ऑइलचा डाग पाडणं, वीस किका मारल्याशिवाय सुरू न होणं, पावसात मिसिंग मारणं, याला जुन्या गाड्यांचे भक्त कौतुकाने ‘कॅरेक्टर’ म्हणतात. मला ते मान्य नाही. बैलबाजारात पारख असलेल्या माणसाला विचारा. बैल तापट असणं हा स्वभाव. मारका असणं, मध्येच बसणं, दावं तोडणं ही खोड. खोडीच्या बैलाची कोणी आरती करत नाही. गाडीचंही तसंच. नादुरुस्ती म्हणजे नादुरुस्ती. ती दुरुस्त करून घ्यावी. दुरुस्तीनंतर जे उरतं तो स्वभाव.

तो कुठून येतो हे पाहायचं असेल तर बिडाच्या सिलिंडरची जुनी बुलेट सुरू करणाऱ्या जाणत्या माणसाकडे बघा. चावी फिरवतो. किक पायाने हळूहळू दाबत नेतो, अडेपर्यंत. नजर हेडलाइटच्या डोमवरच्या अँपिअर मीटरवर. किक सरकते तशी सुई एका अंगाला झुकते, परत मध्ये येते. सुई मध्ये आली आणि किकही घट्ट अडली की तो थांबतो. आता पिस्टन वरच्या टोकाजवळ आहे. डाव्या मुठीजवळची डीकॉम्पची छोटी कळ दाबतो, सिलिंडरमधला दाब फुस्सकन सुटतो, किक बोटभर पुढे ढकलतो, कळ सोडतो, किक वर येऊ देतो. मग एकच लांब किक. झटका द्यायचा नाही, अंगाचं वजन टाकायचं. मुठीला हातही लावायचा नाही. गाडी पहिल्या किकेत बोलायला लागते. शेजारी उभा असलेला दांडगा पोरगा तीच गाडी दहा किका मारून सुरू करू शकत नाही, कारण त्याने ताकद लावलेली असते आणि गाडीने ताकद मागितलेली नसते.

सुरू झाल्यावर जे ऐकू येतं, ज्याला आपण फायरिंग म्हणतो, त्यामागे साधं गणित आहे. या इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास 70 मिलिमीटर आणि पिस्टनचा प्रवास 90 मिलिमीटर. विहीर अरुंद आणि खोल. जोडीला जड फ्लायव्हील, त्यामुळे इंजिन अगदी सावकाश फिरलं तरी बंद पडत नाही. स्लो लावलेली गाडी मिनिटाला हजाराच्या आतबाहेर फेरे घेते, आणि चार स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांत एकदाच स्फोट होतो. म्हणजे सेकंदाला आठेक ठोके. इतके ठोके कानाला सुटे सुटे ऐकू येतात. शंभर सीसीच्या त्या व्यवहारी इंजिनात व्यास 50 आणि प्रवास 49.5. रस्त्यावर ते मिनिटाला चार-पाच हजार फेरे सहज घेतं, म्हणजे सेकंदाला चाळीसेक ठोके. त्यांची सलग गुणगुण होते, आणि गुणगुणीकडे कान लक्ष देत नाही. बुलेटवर बसलेला माणूस प्रत्येक ठोका मागच्या चाकातून रस्त्याला लागताना अनुभवतो. चढ लागला की ठोके जड होतात, योग्य गिअर सापडला की मोकळे होतात. मीटर बघायची गरज पडत नाही.

मद्रासमध्ये ही गाडी बनायला लागली ती 1955 साली, आणि मूळ घडणीत फारसा बदल न होता अर्धशतकाहून जास्त काळ चालली. पण स्वभाव म्हणजे बुलेटच असं समजू नका. यामाहाची आरएक्स 100 हिच्या अगदी उलट. 1985 ते 1996 एवढंच आयुष्य. 98 सीसी, 11 अश्वशक्ती, वजन जेमतेम शंभर किलोच्या आसपास. त्याच वर्षी आलेल्या चार स्ट्रोकच्या शंभर सीसीला सात-साडेसात अश्वशक्ती होती, हे लक्षात घ्या. टू-स्ट्रोकमध्ये दर फेरीला स्फोट. शिवाय सायलेन्सरचा आकार असा की बाहेर पडणाऱ्या वायूची लाट मागे उलटते आणि निसटू पाहणारं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. हे ठरावीक वेगालाच जमतं. म्हणून मूठ पिळत गेलं की आधी गाडी साधी वाटते, मग एका जागी आवाज बदलतो आणि ती पुढे झेपावते. ती जागा ओळखणं हीच आरएक्सवाल्याची विद्या. आज या गाडीसाठी लोक काय वाट्टेल ती किंमत मोजतात. त्या किमतीला ती लायक आहे की नाही यावर मी भांडणार नाही, पण ती कशासाठी मोजतात ते मला ठाऊक आहे. ती एक जागा विकत घेत असतात.

मी पहिल्यांदा आंबा घाट उतरलो तो मित्राच्या टू-स्ट्रोकवरून. कोल्हापूरहून साखरप्याला, डिसेंबरची सकाळ, धुकं. त्याआधी मी चार स्ट्रोकच्याच गाड्या चालवल्या होत्या. उतारावर मूठ सोडली की इंजिन चाक धरून ठेवतं, दुसऱ्या गिअरमध्ये गाडी आपसूक आवरते, हे हाताला सवयीचं. इथे मूठ सोडली आणि गाडी तशीच घरंगळत राहिली. टू-स्ट्रोकला इंजिनाचा ब्रेक जवळपास नसतोच. पहिल्या दोन वळणांतच मला तिचं म्हणणं कळलं: मी अडवणार नाही, वेग तुझा तू सांभाळ. मग वळणाआधी लवकर ब्रेक, वळणात हात मोकळा, बाहेर पडताना मूठ. घाट संपेपर्यंत मी वेगळा चालक झालो होतो. चार महिन्यांनी तोच घाट बुलेटवरून उतरलो तेव्हा ती प्रत्येक वळणावर खर्जात गुरगुरत मला धरून होती. तोच रस्ता, तोच माणूस. बोलणं वेगळं.

आता नव्या गाड्या. 1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज सहाचे नियम आले. कार्बोरेटर गेला, चोक गेला, बऱ्याच गाड्यांची किकही गेली. हवेसाठी हे चांगलंच झालं, त्याबद्दल गळे काढणाऱ्यांत मी नाही. रॉयल एनफिल्डने 2020 मध्ये नवीन 349 सीसीचं इंजिन आणलं, पुढच्या वर्षी ते क्लासिकला बसवलं, आणि त्यात हादरे मारायला बॅलन्सर शाफ्ट घातला. जुन्या मंडळींनी लगेच ठरवलं की गाडीचा आत्मा गेला. माझं मत वेगळं आहे. तासाभराने हात बधिर होणं हा आत्मा नव्हता. नव्या इंजिनातही पिस्टनचा प्रवास व्यासापेक्षा मोठाच ठेवलाय, 72 ला 85.8. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये सावकाश चालवून बघा, ठोका तिथेच आहे.

त्याच कंपनीची 2018 ची इंटरसेप्टर 650 मला याहून बोलकी वाटते. दोन सिलिंडर शेजारी शेजारी. जुन्या ब्रिटिश जोडइंजिनांत दोन्ही पिस्टन एकदम वर, एकदम खाली जात, ठोके समान अंतराने पडत. इथे कारागिरांनी क्रँकच्या दोन पिना 270 अंशांवर ठेवल्या. त्यामुळे एक ठोका 270 अंशांनी पडतो आणि पुढचा 450 अंशांनी. दौडणाऱ्या घोड्याच्या टापांसारखी असमान चाल. हा स्वभाव मुद्दाम घडवलाय म्हणून तो खोटा म्हणायचा का? तो लोखंडात कोरलेला आहे. स्पीकरमधून वाजवलेला नाही. माझ्या लेखी तो अस्सल.

आणि व्यवहारी गाडीला स्वभाव असूच शकत नाही, असंही मी म्हणत नाही. होंडाची सुपर कब 1958 सालची. तिचा क्लच आपोआप लागतो, का? तर जपानात सोबा नावाच्या शेवया घरपोच देणाऱ्या पोराला एका हातात ताट धरून दुसऱ्या हाताने गाडी हाकता यावी म्हणून. 2017 पर्यंत अशा दहा कोटी गाड्या बनल्या. आपल्याकडे 1972 साली पुण्याच्या कायनेटिकने लूना आणली. पन्नास सीसी, गिअर नाही, आणि पायडल. साडी नेसलेल्या शिक्षिकेला ती चालवता आली, चढाला धाप लागली तर चार पायडल मारता आले. या दोन्ही गाड्या कोणत्या तरी एका माणसाला डोळ्यांपुढे ठेवून बनल्या आहेत आणि ते चालवताना जाणवतं. आजच्या कित्येक गाड्या कोणालाच समोर ठेवून बनलेल्या नाहीत. कोणाचीच गैरसोय होऊ नये एवढंच पाहिलेलं असतं, आणि वरून टाकीवर वाघनखांसारखे स्टिकर लावून त्यांना रुबाब दिलेला असतो. तिथे मजा येत नाही.

सायलेन्सर बदलणाऱ्यांबद्दलही इथेच बोलतो. अनेक शहरांत पोलीस जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांच्यावर रोडरोलर फिरवतात. ठीक करतात. गाडीचा स्वभाव चालवणाऱ्याला कळतो. तो फटाक्यांचा आवाज फक्त गल्लीला, त्यातल्या तान्ह्या मुलाला आणि हृदयाच्या पेशंटला कळतो. वर कंपनीने जुळवलेला वायूचा सगळा हिशेब बिघडतो आणि गाडीचा खरा आवाज त्या गोंगाटात बुडून जातो.

म्हणून पत्र लिहिणाऱ्या वाचकांना माझं सांगणं: रोज चाळीस किलोमीटर कामाला जायचं असेल, घरात एकच गाडी असेल, तर निःशंकपणे विसरता येणारी गाडी घ्या. मजेसाठी घेणार असाल तर शोरूमच्या काचेआड, कॅटलॉग बघून ठरवू नका. टेस्ट राइड मागा, आणि ती सपाट रस्त्यावर नको, चढावर मागा. तिसऱ्या गिअरमध्ये वेग पडू द्या, मग मूठ हलकेच पिळा. गाणी नको, गप्पा नको. परत येताना उतारावर मूठ सोडून द्या आणि दोन्ही वेळा ऐका. काहीच ऐकू आलं नाही तर चावी परत करा आणि दुसरी गाडी चालवून बघा.