काळ्या पडद्यावरची अक्षरे

लिनक्सवर चालणारा संगणक एखाद्या सकाळी आपला नेहमीचा चित्ररूप डेस्कटॉप दाखवेनासा झाला, की साहित्याच्या वर्तुळातील माणूस हमखास एकच वाक्य उच्चारतो : ‘संगणक गेला.’ हे वाक्य आम्हांला वाचनाच्या आळसाचे लक्षण वाटते. गेलेले असते ते मुखपृष्ठ. संहिता बहुधा जागच्या जागी असते.

२०२४च्या उन्हाळ्यात असा एक संगणक आमच्यापुढे आला. त्यावर एका विद्यार्थिनीच्या प्रबंधाची पाच प्रकरणे होती आणि त्यांची दुसरी प्रत कोठेही नव्हती. (हस्तलिखितांच्या प्रती जुळवणाऱ्यांनी स्वतःच्या प्रतींविषयी इतके बेफिकीर असावे, हा वेगळ्या लेखाचा विषय.) परवलीचा शब्द दिला की पडदा क्षणभर काळा होई आणि पुन्हा तोच शब्द मागे. मुद्दाम चुकीचा शब्द दिला, तर तो चुकला असे स्पष्ट सांगे. म्हणजे अडचण दाराच्या आत होती. जाणकार म्हणून बोलावलेल्या गृहस्थांचा सल्ला तयारच होता : ‘फॉरमॅट मारा.’ पाठ भ्रष्ट आहे म्हणून पोथी जाळण्यातलाच हा प्रकार.

वस्तुतः लिनक्समध्ये डेस्कटॉप हा वरचा मजला आहे, पाया नव्हे. १९८४ साली एमआयटीत जन्मलेली एक्स विंडो प्रणाली घ्या किंवा अलीकडे पुष्कळ ठिकाणी तिची जागा घेणारे वेलँड घ्या. ती उभी राहिली नाही तरी खालचे काम बहुधा चालूच असते. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ या कळा एकत्र दाबल्या की काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे दिसतात, आणि नाव व परवलीचा शब्द देऊन आज्ञा लिहिता येतात.

तेथे ‘जर्नलसीटीएल’ या आज्ञेने यंत्राची रोजनिशी उघडते. शेकडो ओळी, त्यांतील बव्हंशी निरुपद्रवी. एक्सच्या स्वतंत्र नोंदवहीत तर चुकीच्या ओळीपुढे कंसात दोन ‘ई’ आणि इशाऱ्यापुढे दोन ‘डब्ल्यू’ अशा खुणा असतात. चिकित्सक आवृत्तीतील पाठभेदांच्या खुणा ज्याने वाचल्या आहेत, त्याला हे अवघड जाऊ नये. शेवटची तक्रार हा पुष्कळदा परिणाम असतो, कारण वर कोठेतरी दडलेले असते. आम्ही वर सरकत गेलो. ओळ सापडली : डिस्कवर जागा शिल्लक नाही. ‘डीएफ’ या आज्ञेनेही तेच सांगितले, १०० टक्के. डेस्कटॉप उघडताना प्रणालीला वापरकर्त्याच्या फोल्डरात चारदोन लहान फायली लिहाव्या लागतात. ते जमेना, म्हणून ती बाईंना पुन्हा दाराशी आणून सोडत होती.

काही पुसण्याआधी प्रकरणे पेनड्राइव्हवर घ्यावीत, म्हणून आम्ही फायलींची यादी मागितली. आणि पडद्यावर नुसते चौकोन उमटले. नावे देवनागरीत होती. या मजकुरी पडद्याच्या फाँटात जास्तीत जास्त ५१२ चिन्हे मावतात, जोडाक्षरांची जुळणी तर होतच नाही. नावे युनिकोडमध्ये शाबूत होती, फक्त दिसत नव्हती. नावाच्या जागी तारांकन टाकून आम्ही सगळ्या फायली आंधळेपणाने उतरवून घेतल्या.

डेस्कटॉपचे मेनू मराठीत आले, याचे कौतुक आम्हीही केले आहे. परंतु ते मराठीपण दर्शनी भागापुरतेच राहिले. जेथे यंत्र आपले दुखणे सांगते तेथे भाषा इंग्रजी आणि लिपी रोमन. आणि भाषेच्या अभ्यासकांना याची गाठ पडत नाही, कारण ते तेथवर जातच नाहीत.

पुढचे सोपे होते. अद्ययावतीकरणासाठी उतरवलेली आणि साठून राहिलेली पुडकी ‘सुडो एपीटी क्लीन’ने काढली, रोजनिशी २०० एमबीपर्यंत छाटली, संगणक पुन्हा सुरू केला. डेस्कटॉप आला. विद्यार्थिनीने त्यावर पहिले काम केले ते पाचही फायलींना रोमन अक्षरांत नावे देण्याचे. आम्ही तिला अडवले नाही, आणि ते आम्हांला अजून बोचते.