बेट्टाची पिल्लं मोजता, मग त्यांचं खाद्यही मोजा



आपल्या मंडळाच्या ग्रुपवर पंधरा दिवस झाले, रंगीत माशांशिवाय दुसरा विषय नाही. निळा, लाल, पदरासारखी शेपटी पसरलेला बेट्टा. घरी जोडी लावायची, पिल्लं वणी-यवतमाळच्या दुकानांना द्यायची आणि सरकारी अनुदानही घ्यायचं, असा बेत आहे. त्यावर एकीनं लिहिलं, "आपण कुठे मारतो? आपण तर जीव जन्माला घालतो." खाली वीस जणींनी हात जोडले. मी नाही जोडले. आज त्या एका वाक्याविरुद्धच लिहिते आहे.

बेट्टा मूळचा थायलंडकडचा, भाताच्या खाचरातला आणि दलदलीतला. तिथे तो झुंजीसाठी वाढवला गेला, जास्त भांडणारे नर पिढ्यान्पिढ्या निवडून. २०१९ मध्ये त्या देशानं त्याला राष्ट्रीय जलचर ठरवलं. कल्ल्यांखेरीज त्याला हवेतून श्वास घेण्याचा वेगळा अवयव असतो, म्हणून तो वर येऊन घोटभर हवा घेतो आणि वाईट पाण्यातही तगतो. दुकानदार याचाच फायदा घेऊन त्याला पेलाभर पाण्यात विकायला ठेवतात, वर सांगतात की ह्याला एवढंच लागतं. अहो, खाचर उथळ असतं, पण पेल्याएवढं नसतं!

पैदास बघायला मोह पडेल अशीच आहे, हे मी नाकारत नाही. नर पाण्यावर बुडबुड्यांचं घरटं बांधतो. मादीची अंडी खाली पडू लागली की तोंडात झेलून एकेक वर नेऊन चिकटवतो. मग मादीला बाहेर काढावंच लागतं, नाहीतर तोच तिला फाडतो. दोनेक दिवस तो एकटा राखण करतो, पडलेलं अंडं पुन्हा वर ठेवतो. पिल्लं बाहेर येतात, आणखी दोन-तीन दिवसांत आडवी पोहू लागतात. इथपर्यंतचे व्हिडिओ तुम्ही सगळ्यांनी पाहिलेत. पुढचे कोणी टाकत नाही.

पिल्लं पोहू लागली की खातात काय? कोरडी पूड ती ओळखत नाहीत, त्यांना हलणारा जीव लागतो. पहिले काही दिवस पाण्यात कोबीची पानं नाहीतर केळ्याची साल कुजवून त्यात सूक्ष्म जीव वाढवायचे आणि थेंबाथेंबानं घालायचे. मग आर्टेमिया. त्याची अंडी डब्यात विकत मिळतात, दिसायला राजगिऱ्याहून बारीक तपकिरी पूड. मिठाच्या पाण्यात हवा सोडत ठेवली की २४ तासांच्या आसपास ती फुटतात, आणि बाटलीत नारिंगी ढग तरंगू लागतो. तो ढग म्हणजे जिवंत प्राणी. चांगल्या प्रतीच्या एका ग्रॅममधून दोन लाखांहून जास्त निघतात. ते गाळून, धुऊन दिवसातून दोनदा पिल्लांपुढे सोडायचे, आणि हे कित्येक आठवडे चालतं.

मी कॉमर्सची. जमेची बाजू दाखवून खर्चाचं पान झाकलेली वही मला चालत नाही. दोनशे पिल्लं जन्माला घातली हे जमेला लिहिता, तर खर्चाच्या पानावर हे लाख कोण लिहिणार? आपल्या घरात नळाला कापड बांधलेलं असतं. पाणी गाळून गाळणातले जीवसुद्धा परत पाण्यात सोडणाऱ्या आपण, आणि दुसऱ्या खोलीत त्याच हातांनी जीव उबवून, गाळून, कोणाच्या तोंडी द्यायचे? डासांच्या अळ्या आणि ट्यूबिफेक्स अळ्यांचं तर मी अजून बोललेच नाही, त्या जोडी लावण्याआधी नर-मादीला पोसायला लागतात. कोणी म्हणेल, उकडलेल्या अंड्याचा बलक चालतो. तो तुमच्या स्वयंपाकघरात येणार का, हे सासूबाईंना विचारा.

बरं, पिल्लं वाढली. दोन-तीन महिन्यांत नर एकमेकांच्या अंगावर जाऊ लागतात, मग प्रत्येकाला वेगळी बरणी. दोनशेत निम्मे नर धरा, म्हणजे शंभर बरण्या. प्रत्येकीचं पाणी बदलायचं. पाणी २६ ते २८ अंशांच्या आसपास हवं, आणि आपल्या राजूरला मे महिन्यात खोलीत बसवत नाही, डिसेंबरात पहाटे हातपाय गोठतात. वर लोडशेडिंग. वाकड्या कण्याची, फिक्या रंगाची पिल्लं दुकानदार घेत नाही. ती पैदास करणारे 'छाटतात', आणि बरेचदा मोठ्या माशांपुढे टाकतात. आपल्या मंडळात ते कोण करणार? न खपलेली निर्गुडा नदीत सोडू, अभयदान होईल, असंही एकीनं सुचवलं. लांब शेपटीचा, बरणीत वाढलेला मासा नदीत पळूही शकत नाही. आणि तगलाच, तर परका मासा आपण आपल्या नदीत घातला.

पहिल्या व्रताचे पाच अतिचार आपण प्रतिक्रमणात म्हणतो. बंध म्हणजे काय, ते त्या शंभर बरण्यांकडे बघून सांगा. अन्नपाणी तोडणं म्हणजे काय, ते माल खपला नाही तेव्हा कळेल. पंधरा कर्मादानांत असतीजनपोषण आहे. आचार्य हेमचंद्रांनी बाराव्या शतकात योगशास्त्रात त्याचा अर्थ सांगताना पोपट, मांजर, कुत्रा, कोंबडा अशी नावंच घेतली आहेत. प्राणी पोसून त्यावर पैसा करणं श्रावकाला वर्ज्य. मासा त्या यादीत नाही म्हणून सुटला, असं म्हणणारीला मी वकील म्हणेन, श्राविका नाही.

अनुदानाचं खरं आहे. २०२० च्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातल्या शोभिवंत माशांच्या युनिटची किंमत ३ लाख धरली आहे आणि महिलांना ६० टक्के, म्हणजे १ लाख ८० हजार मिळतात. योजनेला मी नावं ठेवत नाही. ज्यांचा पिढीजात धंदाच मासळीचा, त्या बायांनी ती जरूर घ्यावी. चेन्नईच्या कोळत्तूरमध्ये कितीतरी कुटुंबांचं पोट रंगीत माशांवर चालतं. पण सरकार पैसे देतं म्हणून आपला आचार बदलतो का? पैसे तर कोंबड्यांनाही मिळतात.

ज्यांच्याकडे नातवंडांच्या हट्टापायी एखादा बेट्टा आलेलाच आहे, त्यांनी त्याला टाकून देऊ नये. पंधरा-वीस लिटरची झाकणाची टाकी द्या, एकटाच ठेवा, शेजारी आरसा लावून त्याला फुगायला लावू नका. त्याच्या खाद्याच्या गोळ्यांतही मासळीची पूड असते, ते ओझं त्याच्या दोन-तीन वर्षांपुरतं तुमच्यावर आहे, ते उचला. फक्त मादी आणू नका.

पुढच्या बैठकीत अर्ज भरायचा विषय आहे. माझा विरोध नोंदवून घ्यावा. आणि अर्ज भरणारच असाल, तर सोबत एक कागद जोडा : रोज सकाळ-संध्याकाळ आर्टेमियाची बाटली कोण गाळणार, आणि वाकडी पिल्लं कोण वेगळी काढणार. खाली त्या दोघींच्या सह्या हव्यात.